तंजावूरचं ऊन आणि जस्ताचा पत्रा

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी तंजावूरच्या बृहदीश्वराच्या प्रांगणात उभं राहिलं, तर माणसाला आपली सावली पायाखाली शोधावी लागते. विषुववृत्तापासून हे शहर जेमतेम पावणेअकरा अंश वर. त्या दिवसांत सूर्य अगदी डोक्यावरून जातो. चपला बाहेर काढून आलेली माणसं तापलेल्या फरशीवरून टाचा उचलत पळतात आणि मिळेल त्या सावलीत शिरतात. आवाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली कोरलेला आहे, तोही मराठीत. तो वाचायला थांबलेला मराठी पाहुणा दोन ओळींच्या पुढे फारसा टिकत नाही. या उन्हातून चौरस मीटरभर जागेवर साधारण हजार वॅट ऊर्जा पडत असते. म्हणजे एक इस्त्री चालेल एवढी.

आता जस्ताचा एक लहानसा पत्रा घेऊ. पॉलिशपेपरने घासून लख्ख केला, त्याच्यावर ऋण विद्युतभार चढवला आणि या रणरणत्या उन्हात धरला, तर भार जवळजवळ जागचा हलत नाही. तोच पत्रा खोलीत आणून त्याच्यासमोर अकरा वॅटचा एक दिवा लावला, पाणी शुद्ध करायच्या यंत्रात असतो तसला अतिनील किरणांचा, तर भार काही सेकंदांत निघून जातो. बाहेर आगीचा लोळ आणि आत फिकट निळसर उजेड. काम मात्र आतला करतो.

विसाव्या शतकाचं पदार्थविज्ञान ज्या थोड्या प्रयोगांवर उभं राहिलं, त्यांतला हा एक. मराठीत त्याला प्रकाशविद्युत परिणाम म्हणतात. तंजावूरच्या शाळेत तमिळ माध्यमाचा विद्यार्थी त्यालाच ओळिमिन् विळैवु म्हणतो. ओळि म्हणजे प्रकाश, मिन् म्हणजे वीज, विळैवु म्हणजे परिणाम. दोन्ही भाषांनी शब्दाला शब्द लावून एकच नाव घडवलं आहे. बारावीच्या पुस्तकात दोन्हीकडे हा धडा आहे. सूत्र पाठ होतं, आलेख काढता येतो, परीक्षेत गुणही मिळतात. मात्र पत्र्यावरचा भार डोळ्यांदेखत जाताना पाहिलेले विद्यार्थी फार थोडे. ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे, कारण प्रयोगाचं साहित्य एका टेबलावर मावतं.

भार आहे की गेला हे कळायला लागतो सुवर्णपत्र विद्युतदर्शी. आठवीच्या विज्ञानात त्याची ओळख होते: काचेची बरणी, तिच्या बुचातून खाली उतरलेली धातूची दांडी आणि दांडीच्या टोकाला सोन्याचं अतिशय पातळ पान. दांडीला भार दिला की दांडी आणि पान दोघांवर एकाच जातीचा भार येतो, ती एकमेकांना ढकलतात आणि पान तिरकं उभं राहतं. भार ओसरला की पान खाली येतं. अब्राहम बेनेट नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७८०च्या दशकात हे साधन केलं, तेव्हापासून त्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. तंजावूर तर सोन्याच्या वर्खाचं शहर. इथल्या चित्रांत लाकडी फळीवर खडूच्या लेपाने नक्षी उंचावतात, तिच्यावर सोन्याचा वर्ख बसवतात आणि बाळकृष्ण झळाळून उठतो. वर्ख बसवताना चित्रकाराला श्वास रोखून धरावा लागतो तो त्याच्या हलकेपणामुळे, आणि विद्युतदर्शीला सोनं लागतं तेही याच हलकेपणामुळे. शाळेत सोन्याची गरज नाही. डबा गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची बोटभर पट्टी, लोणच्याची रिकामी बरणी, तांब्याची तार आणि थर्मोकोलचं किंवा मेणाचं बूच एवढ्यावर भागतं. जस्ताचा पत्रा तारेच्या वरच्या टोकाला बसवायचा. तो बाजारात मिळाला नाही, तर संपलेल्या मोठ्या सेलचं बाहेरचं नळकांडं जस्ताचंच असतं. ते शिक्षकांनी हातमोजे घालून उघडून, आतला काळा लगदा काढून, धुऊन सपाट करून द्यावं.

भार चढवायला पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीवर घासायचा आणि पत्र्याला टेकवायचा. पाइपवर ऋण भार असतो, तोच पत्र्यावर जातो. पान टपकन उचललं जातं.

इथून पुढे घाई करू नये. अनेकदा होतं असं की दिवा लागतो, पान पडतं, मुलं टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. मुलांना एवढंच कळतं की उजेडाने वीज जाते. हे अर्धवट आहे आणि म्हणून दिशाभूल करणारं आहे. या प्रयोगाचं खरं मर्म पान कधी पडत नाही यात आहे. त्यामुळे वर्गातला बहुतेक वेळ न पडणाऱ्या पानाला द्यावा.

सगळ्यात आधी दिवा न लावताच थांबायचं. पान उभं आहे, दोन मिनिटं गेली, तरी उभंच आहे. हे पाहिल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही, कारण भार आपोआप गळत असेल तर दिव्याला श्रेय देता येणार नाही. मग वर्गातला सगळ्यात झगझगीत दिवा आणायचा. लग्नाच्या मांडवात लावतात तसला पाचशे वॅटचा हॅलोजन असला तर उत्तमच. तो पत्र्याच्या जवळ धरायचा. पत्रा गरम होतो, धरणाऱ्याच्या कपाळावर घाम येतो, पान हलत नाही. मग नोटा तपासायचा जांभळा दिवा. त्यातही अतिनील किरणच असतात, म्हणून आता पान पडणार अशी मुलांची खात्री असते. तरीही पान हलत नाही. आणि त्यानंतर तो अकरा वॅटचा दिवा. पान खाली यायला लागतं.

ते निम्म्यावर आलं की मध्ये साधी काच धरायची, खिडकीची किंवा फोटोफ्रेमची. पान जिथल्या तिथे थबकतं. काच काढली की पुन्हा उतरू लागतं. काचेतून दिवा स्पष्ट दिसत असतो, त्याचा निळसर उजेड पत्र्यावर पडलेलाही दिसतो. डोळ्यांना दिसणारं सगळं पलीकडे जातंय, आणि तरी काम करणारं जे काही आहे ते काचेत अडकलंय. मुलांच्या चेहऱ्यावर खरा प्रश्न उमटतो तो या क्षणी.

हुशार मुलाची शंका ठरलेली असते: सर, या किरणांनी हवाच वीज वाहून न्यायला लागली असेल तर? शंका रास्त आहे. तिचं उत्तरही तोंडाने देऊ नये, त्याच बरणीने द्यावं. या वेळी पत्र्यावर धन भार चढवायचा. काचेची दांडी रेशमावर घासली की तिच्यावर धन भार येतो. तंजावूरकडे रेशमाला तोटा नाही, कुंभकोणम् जवळचं तिरुभुवनम् रेशमी साड्यांसाठीच प्रसिद्ध आहे. पुण्या-नगरकडे घरातल्या जुन्या पैठणीचा किंवा रेशमी उपरण्याचा तुकडा चालेल. पान पुन्हा तितकंच वर येतं. तोच दिवा, तेवढंच अंतर. पान उभंच राहतं. हवेतून गळती होत असती तर धन भारही गेला असता. तो गेला नाही, म्हणजे प्रकाश पत्र्यातून फक्त ऋण भाराचे कण बाहेर काढतोय. ते कण म्हणजे इलेक्ट्रॉन.

असं का होतं हे सांगायला आंब्याचं झाड बरं पडतं. उंच फांदीवर कैरी आहे. खालून पोरं दगड मारतात. दगड कैरीपर्यंत पोचेल एवढ्या जोराने मारला तरच कैरी पडण्याची शक्यता. निम्म्या उंचीपर्यंतच जाणारे दगड हजार पोरांनी दिवसभर मारले, तरी कैरी हलणार नाही. कारण एक दगड दुसऱ्याला जोर देत नाही. प्रकाशही असाच सुट्या सुट्या पुड्यांनी येतो. एकेक पुडी म्हणजे फोटॉन. एका पुडीत किती ऊर्जा हे प्रकाशाच्या रंगावर ठरतं, दिव्याच्या झगमगाटावर ठरत नाही. झगमगाट वाढला की पुड्या वाढतात, पुडीतला जोर तेवढाच राहतो.

आकडे पाहिले की तंजावूरच्या उन्हाचं कोडं सुटतं. जस्तातून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. तांबड्या प्रकाशाच्या फोटॉनात सुमारे १.८ असते, जांभळ्यात ३.१, नोटा तपासायच्या दिव्याच्या फोटॉनात ३.४. सगळे कमीच पडतात. आपल्या अकरा वॅटच्या, जंतू मारणाऱ्या दिव्यातला पारा २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरी सोडतो आणि त्यांचा फोटॉन ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. तो पुरून उरतो; वरची सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा इलेक्ट्रॉन वेगाच्या रूपाने घेऊन जातो. सूर्य असले जोरदार फोटॉन भरपूर पाठवतो, मात्र वातावरणातला ओझोन त्यांना वरच्यावर अडवतो. जस्ताला २८८ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश हवा आणि जमिनीवर साधारण ३०० च्या आतलं जवळजवळ काहीच पोचत नाही. बृहदीश्वराच्या फरशीवर हजार वॅट पडतात खरे, पण ते कैरीच्या खालूनच परतणाऱ्या दगडांचे. जस्ताऐवजी मॅग्नेशियमची ताजी घासलेली फीत लावली तर गोष्ट बदलते. तिला ३.७ च्या आसपास पुरतात आणि मग तंजावूरचं ऊनही पान पाडू शकतं. दहावीच्या प्रयोगात जाळतात तीच फीत. अतिनील दिवा नसलेल्या शाळेने ही वाट जरूर धरावी.

तंजावूरला वीज दाखवायची हौस नवी नाही. सरफोजी राजे दुसरे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावूरला आणलेल्या घराण्यातले राजे, जन्मले १७७७ मध्ये आणि गादीवर बसले १७९८ मध्ये. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, मान आणि वेळ. श्वार्त्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने तो वेळ पुस्तकांत आणि उपकरणांत घातला. त्याच्या ग्रंथालयात पोचलेल्या युरोपीय पाहुण्यांनी तिथे हवा काढून घेणारा पंप, हस्तिदंती सांगाडा, खगोलाची उपकरणं आणि विजेचं यंत्र पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. १८२६ मध्ये भेटलेला बिशप हेबर तर राजाच्या तोंडून लाव्हाझिए आणि लिनिअस यांची नावं ऐकून थक्क झाला होता.

त्या काळी विजेचं यंत्र म्हणजे हँडलने फिरवायची काच आणि तिला घासणारी चामड्याची गादी. काच आणि रेशीम घासून आज वर्गात जे करतो तेच, पण मोठ्या प्रमाणावर. भार साठत जातो, अंधारात ठिणगी उडते, जवळ उभ्या असलेल्याचे केस ताठ होतात. अशा यंत्राच्या प्रत्येक ठिणगीत अतिनील किरण असतात. म्हणजे प्रकाशविद्युत परिणामाला लागणारं सगळं, भार, धातू आणि योग्य तो प्रकाश, मराठी बोलणाऱ्या एका दरबारात दोनशे वर्षांपूर्वी एका खोलीत होतं. ते एकमेकांसमोर कोणी मांडलं नव्हतं, आणि मांडण्याचं कारणही तेव्हा जगात कोणाकडे नव्हतं.

सरफोजींच्या बाबतीत मन भरून येतं ते त्यांनी ही हौस कपाटात ठेवली नाही म्हणून. नवविद्या या नावाखाली त्यांनी शाळा चालवल्या, ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रातही मुलांना शिकवायची सोय केली. राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या. तेव्हा महाराष्ट्रात मराठी छापखान्याचा पत्ता नव्हता. जगाचा भूगोल शिकवायचा तर स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचलं, ज्यात भविष्य सांगणारी कुरवंजी देशोदेशींची माहिती देते. दाखवून शिकवण्यावर या राजाचा विश्वास होता. आज त्याच्या नावाचं सरकारी महाविद्यालय तंजावूरात आहे, १९५५ पासूनचं.

सरफोजींनंतर पंचावन्न वर्षांनी, १८८७ मध्ये, जर्मनीत कार्ल्सरूह इथे हाइनरिख हर्ट्झ हा तरुण प्राध्यापक ठिणग्यांचाच खेळ करत होता. रेडिओ लहरी आहेत हे त्याला दाखवायचं होतं. एका ठिकाणी मोठी ठिणगी पाडली की दूरच्या तारेच्या कड्यात बारीकशी ठिणगी उडायची. ती इतकी बारीक असायची की नीट दिसावी म्हणून त्याने कड्याभोवती काळी पेटी घातली. अंधार झाला खरा, पण ठिणगी आखूड झाली. दुसरा एखादा संशोधक चिडून पेटी फेकून मूळ कामाला लागला असता. हर्ट्झने मूळ काम काही महिने बाजूला ठेवलं आणि पेटीचा एकेक भाग काढून पाहिला. मोठ्या ठिणगीच्या बाजूची भिंतच अडथळा करत होती. तिथे काच लावली तरी तेच. क्वार्ट्झचा तुकडा लावला तर ठिणगी पुन्हा लांब. क्वार्ट्झमधून अतिनील किरण जातात, काचेतून जात नाहीत. वर्गात फोटोफ्रेमची काच मध्ये धरणारी मुलगी हर्ट्झचाच प्रयोग करत असते.

पुढच्या वर्षी विल्हेल्म हालवाक्सने ठिणगी काढून टाकली आणि जस्ताचा घासलेला पत्रा सुवर्णपत्र विद्युतदर्शीला जोडून त्याच्यावर आर्क दिव्याचा प्रकाश टाकला. वर्गातला प्रयोग तो हाच, १८८८ सालचा. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला तंजावूरहून पन्नासेक किलोमीटरवर, तिरुच्चीजवळच्या तिरुवानैक्कावल इथे चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म झाला. चाळीस वर्षांनी रामन यांना पदार्थावर आपटून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदललेला दिसला. फोटॉन आपली थोडी ऊर्जा रेणूला देऊन पुढे जातो, असा त्याचा अर्थ. जस्ताच्या पत्र्यावर फोटॉन सगळी पुंजी एकाच इलेक्ट्रॉनला देऊन संपतो. दोन प्रयोग, आणि दोन्हींत प्रकाशाच्या पुड्या मान्य केल्याशिवाय हिशोब जमत नाही.

पुड्यांची कल्पना मांडली अल्बर्ट आइनस्टाइनने १९०५ मध्ये, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करत असताना, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्याच्या आधी तीन वर्षं फिलिप लेनार्डने दाखवलं होतं की प्रकाश प्रखर केला तर इलेक्ट्रॉन जास्त निघतात, पण त्यांचा जोर वाढत नाही. लाटेच्या हिशोबाने हे बसत नव्हतं. मोठी लाट आली तर होडी जास्त जोराने फेकली जायला हवी. आइनस्टाइनने साधं समीकरण दिलं: फोटॉनची ऊर्जा वजा बाहेर पडायची किंमत, उरेल तो इलेक्ट्रॉनचा जोर. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन याला हे अजिबात पटलं नाही. समीकरण खोटं ठरवायला त्याने वर्षानुवर्षं घालवली. हवा लागली की धातूचा पृष्ठभाग मळतो म्हणून त्याने निर्वात काचनळीतच सुरी बसवली आणि बाहेरून चुंबकाने फिरवून आतला सोडियम ताजा ताजा तासला. १९१६ पर्यंत त्याची मापं हाती आली आणि ती तंतोतंत आइनस्टाइनच्या बाजूने निघाली. त्याने ती तशीच प्रसिद्ध केली. आइनस्टाइनला १९२१चं नोबेल मिळालं ते सापेक्षतेसाठी नव्हे, मुख्यतः या समीकरणासाठी, मिलिकनला १९२३चं. न पटलेल्या गोष्टीसाठी इतक्या प्रामाणिकपणे राबलेला हा माणूस बारावीच्या धड्यात दोन ओळींत उरकला जातो, याचं वाईट वाटतं.

वर्गात प्रयोग फसतो तो बहुधा हवेमुळे. तंजावूर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, चारी बाजूंना भातखाचरं. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की हवेत इतका ओलावा असतो की बरणीच्या बुचावरून भार गळून जातो आणि दिवा लावायच्या आधीच पान मान टाकतं. कोकणात जून ते सप्टेंबर हीच गत. अशा दिवसांत केस वाळवायच्या यंत्राने बूच, बरणी आणि पाइप आधी कोरडे करून घ्यावे, बुचाला बोटं लावू नयेत, आणि शक्य असेल तर हा धडा तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि इकडे डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. पान आपोआप पडलं तरी तास वाया गेला असं मानू नये. का पडलं हे मुलांनीच शोधून काढावं, हर्ट्झने पेटीचं कारण शोधलं तसं.

डोळ्यांची काळजी मात्र कुठल्याही ऋतूत तेवढीच. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या बुबुळावरचा पातळ पडदा भाजतो. त्या वेळी काही कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरायला लागतं. म्हणून घरच्या पाण्याच्या यंत्रातला दिवा काढून प्रयोग करायचा मोह टाळावा. शाळेने दिवा बंद डब्यात बसवावा, पत्र्याच्या बाजूला तेवढी फट ठेवावी, तो फक्त शिक्षकांनी लावावा, आणि दिवा व मुलं यांच्यामध्ये काच उभी करावी. पान पडू न देणारी काचच डोळे वाचवते, हे मुलांना सांगायची यापेक्षा चांगली वेळ नाही. सरफोजींना डोळ्यांच्या वैद्यकात विशेष रस होता. त्यांच्या धन्वंतरी महालातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, रोग्याच्या डोळ्यांच्या हाताने रंगवलेल्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं राहिलं असंही नाही. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. तेव्हाच्या बोलपटांत चित्रफितीच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी छापलेली असे, कुठे गडद, कुठे फिकी. प्रोजेक्टरमधला छोटा दिवा त्या पट्टीतून प्रकाश टाके, पलीकडे प्रकाशविद्युत घट असे, आणि उजेड कमीजास्त होईल तसा त्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह कमीजास्त होई. तो वाढवून भोंग्याकडे पाठवला की पडद्यावरची माणसं गाऊ लागत. अशा घटांत सीझियमसारखा धातू वापरत, ज्याला पिवळा प्रकाशही पुरतो. तंजावूरच्या थिएटरात तमिळ आणि कोल्हापूरच्या थिएटरात मराठी, गाणं बाहेर पडायचं ते एकाच वाटेने. आज निलगिरीत ऊटीला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-३ प्रयोगात, अवकाशातून आलेल्या कणांनी पाडलेली प्रकाशाची अगदी पुसट चमक याच तत्त्वावरच्या नळ्यांनी टिपतात. गच्चीवरचं सौर पॅनेल मात्र या कुळातलं पुरतं नाही. तिथे इलेक्ट्रॉन सिलिकॉनमधून बाहेर उडत नाही, आतल्या आत मोकळा होतो, आणि त्याला १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. म्हणून जस्ताला न हलवणारं ऊन पॅनेलला चालतं.

वर्गात परत यायचं तर एक शेवटचं काम राहतं. आज छान चाललेला प्रयोग आठवड्याने त्याच पत्र्यावर मंदावतो. दिवा तोच, काच तीच, हवाही कोरडी, पान मात्र रेंगाळत उतरतं. पत्र्यावर राखाडी झाक आलेली असते, जस्ताला हवा लागून चढलेला थर. मिलिकनला निर्वात नळीत सुरी फिरवावी लागली ती याच थरामुळे. म्हणून विद्युतदर्शीच्या डब्यात पॉलिशपेपरचा एक तुकडा ठेवून द्यावा. घासायचं काम मागच्या बाकावरच्या मुलाकडे द्यावं, आणि धातू पुन्हा चकाकेपर्यंत बाकीच्यांनी थांबावं.